जुन्या ट्रॅक्टरलाही वारशाचा मान मिळावा

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

दर हिवाळ्यात मुंबईत जुन्या मोटारींच्या फेऱ्या निघतात आणि वृत्तपत्रांत त्यांची छायाचित्रे येतात. घासूनपुसून लखलखीत केलेले पितळी दिवे, कातड्याची आसने आणि आजोबांच्या शेजारी ऐटीत बसलेली नातवंडे पाहून मलाही आनंद होतो, कारण जुनी वस्तू जपणाऱ्या माणसाविषयी मला मनापासून आदर आहे. परंतु ती छायाचित्रे पाहताना दर वर्षी एक गोष्ट मनाला टोचते. ज्या यंत्राने या राज्यातील असंख्य कुटुंबांना दोन वेळचे जेवण दिले, ज्याच्या हप्त्यांसाठी घरातल्या बायकांनी अंगावरचे सोने मोडले आणि जे आजही कित्येक घरांत आजोबा, मुलगा व नात यांना पाना-पक्कड घेऊन आपल्याभोवती जमवते, त्या जुन्या ट्रॅक्टरला आपल्याकडे वारसा म्हणून कोणी ओळखत नाही. समाज ओळखत नाही आणि कायदाही ओळखत नाही. त्याविषयी थोडे सविस्तर लिहिण्याची परवानगी असावी.

मी गेली छत्तीस वर्षे कोपरखैरण्यात राहतो. माझे वडील माथाडी कामगार होते. आधी मशीद बंदरला आणि बाजार वाशीला हलल्यानंतर इथे, त्यांनी आयुष्यभर पाठीवर पोती वाहिली. आमचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात आहे, म्हणजे पावसाची वाट पाहण्यात माणसाचा निम्मा जन्म जातो अशा मुलखात. घरची शेती चुलते करत, त्यांना आम्ही तात्या म्हणतो, आणि घराचा कारभार आजोबांच्या, म्हणजे आबांच्या हातात होता. आबांनी १९७० साली ट्रॅक्टरसाठी नाव नोंदवले. त्या काळी ट्रॅक्टर ही दुकानात जाऊन घेऊन येण्याची वस्तू नव्हती. १९६१-६२ या वर्षात साऱ्या देशात अवघे ८८० ट्रॅक्टर तयार झाले होते. पुढच्या दहा वर्षांत फरिदाबाद, मद्रास, बडोदे आणि मुंबई येथील कारखान्यांनी उत्पादन पुष्कळ वाढवले, तरी मागणी त्याच्या कितीतरी पुढे होती. नाव नोंदवायचे, अनामत भरायची आणि पोस्टमनची वाट पाहायची, असा तो व्यवहार होता. आज या देशात वर्षाला नऊ लाखांच्या आसपास ट्रॅक्टर विकले जातात आणि गावोगावच्या दुकानांसमोर ते ओळीने उभे असतात, तेव्हा दोन वर्षे वाट पाहून आलेल्या ट्रॅक्टरविषयी घराला काय वाटत असेल याची कल्पना नव्या पिढीला सांगूनच द्यावी लागते.

आमचा ट्रॅक्टर कांदिवलीचा. महिंद्र, व्होल्टास आणि अमेरिकेतील इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून १९६३ साली ‘इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया’ स्थापन केली आणि इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डच्या कारखान्यात बनणारा बी-२७५ हा चार सिलिंडरचा डिझेल ट्रॅक्टर कांदिवलीत बनवायला घेतला. १९७७ साली ही कंपनी महिंद्रमध्ये विलीन झाली, पण आमच्या गावात त्या लाल ट्रॅक्टरला आजही ‘इंटरनॅशनल’ असेच म्हणतात. वडील मशीद बंदरला पोती वाहत होते तेव्हा त्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला आमच्या घरचा ट्रॅक्टर जोडला जात होता. ही गोष्ट वडिलांनी कुठूनशी ऐकली आणि एका सुटीच्या दिवशी ते लोकलने कांदिवलीला जाऊन कारखान्याच्या फाटकाबाहेर उभे राहून आले. आत जाता आले नाही. बाहेर पडणाऱ्या ट्रकवर लाल ट्रॅक्टर दोरांनी बांधलेले दिसले, त्यांतला आपला कोणता असेल याचा अंदाज करत ते परतले, असे ते अखेरपर्यंत सांगत.

ट्रॅक्टर दारात आला तो १९७२ च्या दसऱ्याच्या सुमारास. ज्यांना ते वर्ष आठवते त्यांना पुढचे सांगायला नको. पाऊस पडलाच नव्हता. येरळेच्या पात्रात वाळू होती आणि रानात ढेकूळ फुटेल एवढीही ओल नव्हती. भूविकास बँकेचे कर्ज, आजीच्या पाटल्या आणि वडिलांनी मनीऑर्डरीने पाठवलेले पैसे यांतून घेतलेल्या त्या ट्रॅक्टरचा नांगर पुढचा पावसाळा येईपर्यंत एकदाही जमिनीत गेला नाही. त्या महिन्यांत त्याने पाण्याची पिंपे वाहिली, तालुक्याहून मिलो ही परदेशी लाल ज्वारी आणि सुकडी हे मदतीचे खाणे आणले, आणि दुष्काळी कामावरची खडी वाहिली. माझी आई त्याच कामावर खडी फोडायला जात असे. तिने दिवसभर फोडलेली खडी संध्याकाळी तात्या ट्रॉलीत भरून नेत आणि त्या वाहतुकीच्या पैशांतून बँकेचा हप्ता भरला जाई. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. आईच्या हाताच्या भेगा आणि ट्रॅक्टरच्या सायलेन्सरमधून सरळ वर जाणारा धूर या दोन गोष्टी माझ्या आठवणीत एकत्रच आहेत. म्हणून कोणी त्या यंत्राला भंगार म्हटले की माझ्या जिवाला लागते.

शेतीच्या यंत्रावरचा हा जीव एका पिढीतून दुसऱ्या पिढीत कसा जातो, याचा मी बराच विचार केला आहे. जमीन वाटणीने जाते, घर कागदाने जाते. ट्रॅक्टर हातातून हातात जातो, आणि तोही शिकवल्याशिवाय जात नाही. आमच्या बी-२७५ ला सकाळी सुरू करायचे म्हणजे आधी हीटरचे बटण दाबून धरायचे आणि मनात तीस-चाळीस आकडे मोजायचे. थंडीत साठ. घाई करणाऱ्याला तो दाद देत नाही. बॅटरी उतरलेली असली तर उतारावर सोडून, वेग घेतला की दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायचा; त्यासाठी तात्यांनी वाड्यासमोरच्या चढावर त्याची जागा कायमची ठरवून ठेवली आहे. पावसाळ्यात सायलेन्सरच्या नळीवर पत्र्याचा डबा पालथा घालायचा आणि सुरू करण्याआधी तो आठवणीने काढायचा. हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नसते. आबांनी ते तात्यांना सांगितले, तात्यांनी मला सांगितले, आणि मी ते माझ्या मुलीला सांगेन असे काही मला वाटत नव्हते, कारण ती नवी मुंबईतच जन्मली, वाढली आणि ऐरोलीच्या एका कंपनीत संगणकावर काम करते.

२०२० च्या टाळेबंदीत आम्ही चार-पाच महिने गावी होतो. ती दिवसा ओसरीवर बसून कंपनीचे काम करी आणि संध्याकाळी तात्यांच्या खाटेजवळ जाऊन बसे. तात्यांचे तेव्हा पंचाहत्तरीच्या पुढे वय झालेले, गुडघे गेलेले. एके दिवशी ट्रॅक्टर सुरू होईना. टाकीत डिझेल संपत आले असता कोणीतरी तो तसाच चालवला होता आणि लाइनने एअर घेतली होती, म्हणजे डिझेलच्या नळीत हवा शिरली होती. तात्या खाटेवरून उठू शकत नव्हते. त्यांनी तिथूनच सांगायला सुरुवात केली आणि मुलगी इंजिनापाशी गेली. फिल्टरवरचा स्क्रू पान्याने अर्धा फेरा सैल कर, खालचा हातपंप अंगठ्याने दाबत राहा, काय येते ते सांग. आधी नुसता फेस आला. मग फेसातून थेंब. ‘फेस थांबला का गं? धार सलग आली का?’ तात्या पुनःपुन्हा विचारत होते. तिच्या मनगटावरून डिझेल ओघळून कोपरापर्यंत आले होते आणि ती स्क्रूकडे डोळे लावून वाकलेली होती. सलग धार आली तेव्हा ती ओरडली, ‘आली!’ आणि तात्या म्हणाले, ‘आता धार चालू असतानाच आवळ, थांबून आवळशील तर परत हवा घेईल.’ ट्रॅक्टर तिसऱ्या प्रयत्नाला सुरू झाला. तात्यांनी डोळे मिटून क्षणभर ऐकले आणि म्हणाले, तिसऱ्या सिलिंडरचा नॉझल टपकतोय, तो काढून तालुक्याला नेऊन दाखव. नेऊन दाखवला, आणि नॉझल खरोखरच टपकत होता.

त्या दिवसापासून ती तात्यांची शिष्या झाली. पंपाच्या जोडण्या, टॅपेटचे अंतर, एक-तीन-चार-दोन हा सिलिंडर पेटण्याचा क्रम, ऑइल बाथ एअर क्लीनरमधले तेल कधी बदलायचे, हे सारे तिने एका जुन्या वहीत लिहून घेतले आहे आणि वहीच्या कडांना तेलाचे डाग आहेत. आज माझ्या चुलतभावाची आठ वर्षांची मुलगी तिच्याकडून ‘एक-तीन-चार-दोन’ शिकली आहे आणि लंगडी खेळताना ते आकडे म्हणते. दरवर्षी खंडेनवमीला ट्रॅक्टर धुतला जातो, त्याला झेंडूच्या माळा चढतात, नांगर आणि पाना-पेटीची पूजा होते, आणि त्या दिवशी पहिली चावी फिरवण्याचा मान घरातल्या सर्वांत लहान मुलाला मिळतो. बेंदराला बैलांच्या जागी तो उभा केला जातो. बैल विकून तीस वर्षे झाली तरी आजी असेपर्यंत ती त्याच्या बोनेटला हळद-कुंकू लावून पुरणपोळीचा घास दाखवीत असे.

ही एकट्या आमच्या घरची कथा असती तर मी हे पत्र लिहिले नसते. कोपरखैरण्यात आणि ऐरोलीत सकाळी फिरायला येणाऱ्या माझ्या वयाच्या माणसांत सातारा, सांगली, नाशिक, जळगाव, नगर अशा सगळ्या जिल्ह्यांचे लोक आहेत. ट्रॅक्टरचा विषय निघाला की प्रत्येकाचा एकेक ट्रॅक्टर बाहेर येतो. एकाच्या घरी एकसिलिंडरी, हवेने थंड होणारा आयशर होता. भारतात जोडलेला पहिला आयशर २४ एप्रिल १९५९ रोजी फरिदाबादच्या कारखान्यातून बाहेर पडला, आणि त्याच्या टक-टक आवाजावरून तो कोणत्या शिवारात आहे हे घरबसल्या कळत असे, असे ते गृहस्थ हातावर ताल धरून दाखवतात. नाशिककडच्या एका मित्राच्या घरी अजून एचएमटीचा झेटर आहे. १९७१ पासून पिंजोरला चेक तंत्रज्ञानाने बनू लागलेला तो दोन सिलिंडरचा ट्रॅक्टर आता तिसऱ्या पिढीच्या हातात आहे. जळगावच्या एका निवृत्त शिक्षकांना स्वराजचा अभिमान आहे, आणि तो रास्तच आहे, कारण दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिकी अभियांत्रिकी संशोधन संस्थेत रेखाटलेला आणि १९७४ साली पंजाब ट्रॅक्टर्सने बाजारात आणलेला स्वराज हा परदेशी सहकार्याविना, आपल्याच अभियंत्यांनी घडवलेला ट्रॅक्टर आहे. ही माणसे शहरात तीस-चाळीस वर्षे राहिलेली आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकांची नातवंडे इंग्रजी शाळांत शिकतात. पण मे महिन्यात गावी गेल्यावर ती नातवंडे सर्वांत आधी ज्याच्याकडे धावतात ते आजोबांचे जुने यंत्रच असते, असे मला प्रत्येकाने सांगितले.

घणसोलीतल्या माझ्या एका आगरी मित्राची गोष्ट याहून वेगळी आणि मला अधिक हळवी करणारी आहे. सिडकोची स्थापना १९७० साली झाली आणि नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी घेण्यात आल्या, हे आपल्या वाचकांना ठाऊकच आहे. या मित्राच्या वडिलांची भातखाचरे त्यांत गेली. पुढे त्यांनी एक जुना मॅसी फर्ग्युसन घेतला आणि शिळफाट्यापासून बेलापूरपर्यंत विटा आणि रेती वाहून घर चालवले. ज्या जमिनीवर ते भात लावत, त्याच जमिनीवर उभ्या राहणाऱ्या इमारतींना त्यांनी विटा पुरवल्या. वडील आता नाहीत. शेत नाही, ट्रॉली नाही, ट्रॅक्टरला करण्यासारखे कोणतेही काम उरलेले नाही. तरीही घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो उभा आहे आणि मित्राचा मुलगा दर रविवारी तो सुरू करून दहा मिनिटे चालू ठेवतो. त्या मुलाला मी एकदा फर्ग्युसनचा इतिहास सांगितला. हॅरी फर्ग्युसन याने अवजार ट्रॅक्टरला तीन ठिकाणी जोडण्याची आणि ते तेलाच्या दाबाने उचलण्याची पद्धत पूर्णत्वाला नेली, ज्यामुळे नांगराची ओढ मागच्या चाकांवर दाब बनून येते आणि हलका ट्रॅक्टरही न घसरता, न उधळता चालतो. आज जगातला बहुतेक प्रत्येक ट्रॅक्टर त्याच पद्धतीने अवजार धरतो. त्याचा छोटा करडा टीई-२० हा ट्रॅक्टर १९४६ ते १९५६ या काळात इंग्लंडमध्ये कोव्हेंट्रीला पाच लाखांहून अधिक संख्येने बनला, आणि एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी जानेवारी १९५८ मध्ये दक्षिण ध्रुवावर पोहोचले ते त्याच जातीच्या ट्रॅक्टरांवर बसून. ते ऐकताना त्या मुलाने शेडमधल्या आपल्या ट्रॅक्टरच्या मडगार्डवर नकळत हात ठेवला होता.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी वेगळ्या नोंदणीची सोय केली. या नोंदणीत वाहनाच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे, ती दहा वर्षे चालते आणि पुनर्नोंदणीला ५,००० रुपये लागतात. असे वाहन रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, परंतु प्रदर्शन, फेरी, तांत्रिक अभ्यास, दुरुस्ती आणि इंधन भरणे यांसाठी आणता येते. नियम चांगला आहे आणि त्याचे मी स्वागत करतो. मात्र त्यातील जुन्या वाहनाची व्याख्या दुचाकी आणि खासगी वापराची प्रवासी चारचाकी यांच्यापुरतीच आहे. ट्रॅक्टर तिच्यात बसत नाही. याच नियमांच्या आरंभी कृषी ट्रॅक्टरची स्वतंत्र व्याख्या दिलेली आहे आणि कृषी ट्रॅक्टर हे बिगर-वाहतूक वाहन आहे असेही तिथे म्हटले आहे. म्हणजे व्यावसायिक वाहन म्हणून तो वगळला गेला असावा, असेही म्हणता येत नाही. ज्यांनी मसुदा केला त्यांच्या डोळ्यांसमोर जुने वाहन म्हटल्यावर मोटार आणि मोटारसायकल उभी राहिली, शेतातले यंत्र उभे राहिले नाही, एवढाच याचा अर्थ मला लागतो.

आमच्या ट्रॅक्टरला २०२२ मध्ये पन्नास वर्षे पूर्ण झाली. त्याच्या मूळ नोंदणीचे नूतनीकरण मधल्या काळात राहून गेले आहे, आणि त्यात चूक आमचीच आहे. ती दुरुस्त करावी म्हणून मी संबंधित कार्यालयात गेलो असता मला मिळालेले उत्तर असे होते की एवढा जुना ट्रॅक्टर ठेवता कशाला, मोडीत काढा आणि मोकळे व्हा. उत्तर देणाऱ्या माणसाविषयी माझी तक्रार नाही. त्याच्यापुढच्या कागदात ‘जुना पण जपण्याजोगा ट्रॅक्टर’ असा रकानाच नव्हता, तर तो बिचारा दुसरे काय सांगणार?

या नसलेल्या रकान्याचा परिणाम घराघरांत होतो. वाटणीच्या वेळी जमिनीला भाव असतो, विहिरीला भाव असतो, जुन्या ट्रॅक्टरला मात्र किलोचा भाव लावला जातो. आमच्याकडेही हा प्रसंग आला. काही वर्षांपूर्वी एका भंगारवाल्याने येऊन दीडेक टन लोखंडाचा हिशेब मांडला, इसाराचे पैसे दिले आणि दुसऱ्या दिवशी टेम्पो घेऊन येतो म्हणून सांगितले. घरातली तरुण मंडळी तयार झाली होती, कारण शेडमधली जागा त्यांना नव्या ट्रॅक्टरसाठी हवी होती आणि ती गरज काही खोटी नव्हती. सकाळी टेम्पो आला तेव्हा चावी सापडेना. ती काकूंनी पदराला बांधून ठेवली होती. भंगारवाल्याला चावीची काही गरज नसते, साखळी लावून तो ओढून नेऊ शकला असता, पण काकू ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकाला टेकून बसल्या आणि दुपारपर्यंत उठल्या नाहीत. इसाराचे पैसे परत द्यावे लागले. सगळ्याच घरांत अशी काकू नसते. सातारा-सांगलीकडच्या भंगार बाजारांत मी स्वतः आयशरची, झेटरची आणि इंटरनॅशनलची फोडलेली इंजिने ढिगाने पाहिली आहेत, आणि त्या ढिगांत शोधूनही एखादा अखंड पंप किंवा गिअरबॉक्स मिळत नाही, कारण ओतीव लोखंड फोडूनच विकले जाते.

म्हणून माझी पहिली विनंती अशी आहे की पन्नास वर्षांवरील कृषी ट्रॅक्टरांचा या नियमात समावेश करावा आणि त्यांच्यासाठी शुल्क शेतकऱ्याला झेपेल इतके ठेवावे. वीस हजार रुपये ही रक्कम परदेशी मोटार जपणाऱ्या माणसाला फारशी वाटणार नाही, कोरडवाहू शेतकऱ्याला ती परवडणारी नाही. वाहन मूळ रूपात असावे ही नियमातील अट ट्रॅक्टरला लावताना मात्र थोडा विवेक हवा. ट्रॅक्टर हे काम करणारे यंत्र असल्यामुळे त्याचा डायनॅमो, बॅटरी, दिवे, टायर आणि बसण्याची जागा कधी ना कधी बदललेली असतेच. इंजिन, गिअरबॉक्स आणि चासी मूळचे असतील तर ते पुरेसे मानावे. लोकप्रतिनिधींनी, विशेषतः ग्रामीण महाराष्ट्रातून निवडून जाणाऱ्या खासदारांनी, हा विषय केंद्राकडे मांडावा असे मला कळकळीने वाटते.

दुसरी विनंती आपल्या परिसरापुरती आहे. अमेरिकेत आयोवा राज्यात माउंट प्लेझंट नावाच्या लहानशा गावी १९५० पासून जुन्या शेतीयंत्रांचा मेळा भरतो. वाफेवर चालणारी मळणी यंत्रे आणि जुने ट्रॅक्टर तिथे चालू स्थितीत दाखवले जातात आणि कुटुंबेच्या कुटुंबे, आजोबांपासून नातवंडांपर्यंत, पाच दिवस तिथे असतात. आपल्याकडे अशी हौस नाही असे कोणी म्हणू नये. पश्चिम महाराष्ट्रातल्या जत्रांत ट्रॉलीसह ट्रॅक्टर उलटा चालवण्याच्या स्पर्धा लागतात आणि त्या पाहायला तोबा गर्दी होते. ठाणे किंवा नवी मुंबई महापालिकेने, सिडकोने, अथवा दोन्हीकडच्या एखाद्या सेवाभावी संस्थेने वर्षातून एक दिवस यासाठी एक मैदान द्यावे. भाताची कापणी-झोडणी आटोपल्यावर, जानेवारीच्या सुमारास, मुरबाड, शहापूर, भिवंडी, कर्जत, पनवेल येथून जुने ट्रॅक्टर ट्रकवर घालून आणता येतील. त्यांना नुसते रांगेत उभे करून ठेवू नये. एखाद्याच्या पुलीला पट्टा चढवून मळणी यंत्र चालवून दाखवावे, एखाद्याला चिखलणीची लोखंडी चाके लावून ठेवावीत, आणि ज्या म्हाताऱ्या माणसांनी ते चालवले त्यांनाच मुलांशी बोलू द्यावे. वाशी, नेरुळ, घोडबंदर येथल्या उंच इमारतींत वाढणाऱ्या किती मुलांचे आजोबा एके काळी ट्रॅक्टर चालवत होते, हे त्या मैदानावर एका दिवसात कळेल.

कांदिवलीच्या कारखानदारांना आणि इतर जुन्या उत्पादकांनाही एक सांगणे आहे. त्यांच्या दप्तरात जुन्या नमुन्यांची दुरुस्ती-पुस्तके, सुट्या भागांचे तक्ते आणि आराखडे असतील. ते मराठीत उपलब्ध करून दिले तर आमच्यासारख्या घरांवर मोठे उपकार होतील. आज बी-२७५ चा इंधनपंप नीट जुळवून देणारे मिस्त्री हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहिले आहेत आणि त्यांतले बहुतेक सत्तरीच्या पुढचे आहेत. तात्यांनी माझ्या मुलीला सांगितलेले तिच्या वहीत तरी उतरले आहे, पण या मिस्त्री लोकांच्या हातात असलेले ज्ञान कोणाच्याच वहीत नाही.

आपल्या दैनिकाने वाचकांना आवाहन करावे, अशी शेवटची विनंती आहे. ठाणे व नवी मुंबईत राहणाऱ्या ज्या कुटुंबांच्या गावी पन्नास वर्षांवरील ट्रॅक्टर अजून उभा आहे, त्यांनी त्याचे एक छायाचित्र, तो कोणी, कधी आणि कसा घेतला याची हकिगत, आणि आज तो कोण चालवतो हे आपल्याकडे लिहून पाठवावे. असे किती ट्रॅक्टर शिल्लक आहेत याचा अंदाज आला तर नियम बदलण्याची मागणी करणाऱ्यांच्या हाती काहीतरी आधार येईल.

आमच्यापुरते सांगायचे तर १९७० च्या अनामतीची पावती आणि ट्रॅक्टर ताब्यात मिळाल्याचा कागद आबांच्या पत्र्याच्या पेटीत सुरक्षित सापडला आहे. गेल्या दिवाळीत माझ्या मुलीने इंजिनावरची आणि चासीवरची वर्षानुवर्षांची ग्रीसची पुटे रॉकेलने धुऊन काढली, वर पातळ कागद धरून पेन्सिल घासली आणि दोन्ही क्रमांक उमटवून घेतले. ते दोन कागद तिने अर्जाला जोडण्यासाठी तयार ठेवले आहेत.

आपला विश्वासू,
एक वाचक,
कोपरखैरणे, नवी मुंबई